कलागीताचे शिक्षण आणि कवितेचा अन्वय

१

कविता गायिली गेली म्हणजे तिचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची प्रथा रूढ केली तेव्हापासून या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळत आली आहेत. एका उत्तरानुसार चालीमुळे कवितेतील भाव अधिक गडद होऊन श्रोत्यापर्यंत पोहोचतो. दुसऱ्या उत्तरानुसार चालीमुळे कवितेची अनेकार्थता लोपते आणि शेवटी उरते ती एक गोड मनःस्थिती. समीक्षेत 'भावगीत' ही संज्ञा कधी कधी किंचित कमीपणा सुचविण्यासाठी वापरली जाते, ती या दुसऱ्या उत्तराच्या प्रभावामुळे. ही दोन उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : येथे कविता आणि चाल या दोनच वस्तू आहेत आणि गायक हा त्यांच्या संयोगाचे वहन करणारे निव्वळ माध्यम आहे. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासावयाचे आहे. त्यासाठी तयार गाणे बाजूस ठेवून त्याच्या आधीची अवस्था, म्हणजे तालीम घेतलेला गायक एखादे नवे गीत शिकतो ती अवस्था, विचारात घेतली आहे.

'कलागीत' ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. स्वतंत्रपणे वाचता येईल अशी कविता, तिच्यासाठी ज्ञात संगीतकाराने बांधलेली चाल आणि ती चाल बव्हंशी बांधल्याप्रमाणे गाण्याचे बंधन, हे तीन विशेष ज्या गीतात आढळतात ते कलागीत. जर्मन 'लीड', फ्रेंच 'मेलोदी' आणि मराठी भावगीतांचा बराच भाग या व्याख्येत बसतो. ख्यालाची बंदिश तीत बसत नाही, कारण तेथे शब्द हे विस्ताराचे निमित्त असतात. लोकगीतही बसत नाही, कारण तेथे रचनाकार अज्ञात आणि पाठ प्रवाही असतो. नाट्यपद सीमेवर उभे आहे आणि त्याचा विचार पुढे ओघाने येईल.

२

नवे गीत शिकताना गायकापुढे पहिला प्रश्न येतो तो श्वासाचा, आणि श्वासाचा प्रश्न हा मूलतः अन्वयाचा प्रश्न आहे. केवळ उदाहरणासाठी रचलेले एक वाक्य घेऊ : 'ती हसली न बोलता गेली'. 'हसली' या शब्दानंतर श्वास घेतला तर ती हसते आणि मुकाट्याने निघून जाते. 'बोलता' या शब्दानंतर घेतला तर तिचे हसणे मुके ठरते आणि जाणे ही वेगळी, उघडी घटना होते. कागदावर विरामचिन्ह नसेल तर वाचक दोन्ही शक्यता एकाच वेळी मनात बाळगू शकतो. गायकाला निवड करावी लागते. अर्थात, तिसरा मार्गही आहे. संपूर्ण ओळ एका दमात पार केली तर संदिग्धता टिकते. मात्र त्यासाठी चालीने तशी वाट ठेवलेली असावी लागते आणि गायकापाशी तेवढा दमसास असावा लागतो. म्हणजे ज्याला आपण केवळ शारीरिक तयारी म्हणतो, तिच्यावर कवितेची अनेकार्थता टिकणे अवलंबून असू शकते. तालीम आणि अर्थ यांचा संबंध इतका निकटचा आहे.

श्वासाप्रमाणेच वजनाचा प्रश्न येतो. कोणत्या अक्षरावर सम पडावी हे संगीतकाराने ठरविलेले असते. परंतु समेवर आलेल्या शब्दावर भार द्यावा की तो सहज टेकवून पुढे जावे, हे गायक ठरवितो. त्यानंतर कडव्यांचा प्रश्न येतो. एकाच चालीवर चार-पाच कडवी आली तर चाल त्यांतील भेद सांगत नाही. तो भेद शब्दोच्चारातून दाखवावा लागतो. गटे या कवीची आवड अशाच, सर्व कडव्यांना एक चाल असलेल्या गीतरचनेकडे होती आणि कडव्यांतील भावभेद गायकाने प्रकट करावा अशी त्याची अपेक्षा होती. गटेचा हा आग्रह संगीताविषयीच्या उदासीनतेतून आला असे सामान्यतः समजले जाते. तो गायकाच्या वाचनशक्तीवरील विश्वासाचाही द्योतक मानता येईल.

३

युरोपीय कलागीताच्या इतिहासात तालीम घेतलेल्या गायकाने नवे गीत शिकण्याचे जे पहिले ठळक उदाहरण मिळते, ते व्हिएन्नातील योहान मिखाएल फोगल याचे. फोगल (१७६८–१८४०) हा तेथील दरबारी ऑपेरातील नामवंत गायक होता. १८१७ मध्ये त्याची फ्रान्झ शूबर्टशी (१७९७–१८२८) ओळख झाली तेव्हा तो शूबर्टहून जवळजवळ तीस वर्षांनी मोठा होता आणि त्याची गायकी पूर्णपणे घडलेली होती. गटेच्या 'एर्लक्योनिग' या कथाकाव्यावर शूबर्टने १८१५ मध्ये बांधलेले गीत फोगलने ७ मार्च १८२१ रोजी जाहीरपणे गायिले आणि शूबर्टच्या कीर्तीचा पाया घातला गेला.

या गीताची शिकण्याच्या दृष्टीने अडचण अशी की त्यात निवेदक, पिता, आजारी मुलगा आणि मुलाला भुलविणारा एर्लक्योनिग असे चार आवाज आहेत आणि ते एकाच गळ्यातून यावयाचे आहेत. ऑपेरात एका गायकाकडे एक भूमिका असते; वेष, हालचाल आणि सहकलावंत त्याच्या साहाय्यास असतात. येथे ते सर्व काढून घेतले आहे. मुलाची हाक प्रत्येक वेळी अधिक वरच्या स्वरावर येते, हे स्वरलेखनात दिलेले आहे. तो मुलगा खरोखरच काही पाहतो आहे की तापात बरळतो आहे, हे स्वरलेखनात नाही. शेवटी घोड्याच्या टापांची लय थांबते आणि मृत्यूचे वाक्य जवळजवळ बोलण्याच्या ढंगात येते. ते वाक्य सांगणारा निवेदक हळहळतो आहे की केवळ नोंद करतो आहे? कवितेने हा प्रश्न मोकळा ठेवला आहे आणि चालीनेही. शिकणाऱ्या गायकाला मात्र त्याचे काहीतरी उत्तर देऊनच पुढे जावे लागते.

फोगलने स्वतःच्या पद्धतीने उत्तरे दिली. त्याने गीतांना ऑपेराच्या प्रथेनुसार अलंकरण जोडले. अशा अलंकृत प्रती उपलब्ध आहेत. शूबर्टच्या मृत्यूनंतर १८३० मध्ये डिआबेल्लीने 'डी श्योने म्यूलरिन' या गीतमालेची जी आवृत्ती काढली, तीत गायनाच्या ओळींत बदल आढळतात आणि ते फोगलच्या गायकीतून आलेले असावेत असे अभ्यासक मानतात. स्मरणलेखांतून एक आख्यायिकाही सांगितली जाते. फोगलने एक गीत स्वतःच्या गळ्याला सोयीच्या स्वरात उतरवून त्याची प्रत करून घेतली. काही दिवसांनी ती प्रत समोर आली तेव्हा शूबर्टने ती वाजविली, तिची प्रशंसा केली आणि हे गीत कोणाचे आहे अशी पृच्छा केली. आख्यायिकेतील विनोद सोडून दिला तरी तिचा आशय दुर्लक्षणीय नाही : शिकण्याच्या क्रियेतून गीत रचनाकारालाही परके होण्याइतके बदलू शकते. उलटपक्षी, १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेली हीच गीतमाला शूबर्टने कार्ल फोन श्योनश्टाइन या हौशी गायकाला अर्पण केली होती, ही वस्तुस्थितीही सूचक आहे. नव्या गीतप्रकाराला तयार गळा हवा होता. परंतु तयार गळ्यासोबत येणाऱ्या सर्वच सवयी त्याला मानवणाऱ्या नव्हत्या.

कागदावरील संहिता किती अपुरी असते याचे आणखी स्पष्ट उदाहरण विल्हेल्म म्यूलरच्या कवितांवरील 'विंटररायझ' (१८२७) या चोवीस गीतांच्या मालेत मिळते. शूबर्टला प्रथम बाराच कविता मिळाल्या. पूर्ण चोवीस हाती आल्या तेव्हा कवीने क्रम बदललेला होता. शूबर्टने आधीची बारा गीते तशीच ठेवून उरलेली पुढे जोडली. त्यामुळे या मालेचा कवितेतील क्रम वेगळा आणि संगीतातील क्रम वेगळा आहे. अखेरचे गीत हस्तलिखितात एका स्वरात आणि छापील प्रतीत त्याहून खालच्या स्वरात आहे. सहाव्या गीतात पियानोच्या एका हाताला तीन समान स्वरांचे गट आणि दुसऱ्या हाताला लांब-आखूड स्वरांच्या जोड्या आहेत. आखूड स्वर त्या तिनांतील शेवटच्या स्वराबरोबर वाजवावा की त्याच्या किंचित मागून, याविषयी मतभेद आहेत. बरोबर वाजविला तर चाल सरळ पडते; मागून वाजविला तर ठेचाळत चालणाऱ्या प्रवाशाचा भास होतो. स्वरलेखन हे पूर्ण आज्ञापत्र आहे असे मानणाऱ्या शिकाऊ गायकाला येथे थांबावेच लागते.

म्हणूनच युरोपीय शिक्षणपद्धतीत गीताचा आरंभ गाण्याने होत नाही. प्रथम कविता मोठ्याने वाचावयाची, परभाषेतील असल्यास तिचा शब्दशः अर्थ लावावयाचा, उच्चार निश्चित करावयाचे. मग शब्द केवळ लयीत म्हणावयाचे, स्वर केवळ स्वरवर्णांवर गावयाचे आणि अखेरीस दोन्ही एकत्र आणावयाचे, असा साधारण क्रम असतो. लोट्टे लेमान यांचे 'मोअर दॅन सिंगिंग' (१९४५) आणि पिएर बेर्नाक यांचे फ्रेंच गीतांच्या निर्वचनावरील पुस्तक (१९७०) ही दोन्ही गायकांनी लिहिलेली पुस्तके आहेत. तरीही त्यांतील मोठा भाग कवितेच्या वाचनाला वाहिलेला आहे. बेर्नाक यांनी फ्रांसिस पुलँक यांची कितीतरी गीते प्रथम गायिली. नव्या गीताला आधीच्या गायकाचा नमुना उपलब्ध नसतो; त्यामुळे तेथे कवितेचे वाचन हा एकमेव आधार ठरतो.

४

आपल्याकडील परिस्थिती नेमकी उलट आहे, आणि तिचा विचार करताना लीडसंबंधीचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मराठी संगीत नाटकाने चालीला अग्रक्रम दिला. छापील नाटकात पदाच्या माथ्यावर राग व ताल यांच्या जोडीने मूळ चिजेचा 'चाल' म्हणून निर्देश करण्याची पद्धत होती. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी चिजांच्या चाली निवडल्या आणि त्यांवर कृ. प्र. खाडिलकरांनी शब्द बसविले. येथे नवे पद शिकणे म्हणजे परिचित चालीत नवे शब्द सामावून घेणे होते. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखले यांच्या मार्गदर्शनामुळे रागसंगीताचा विस्तार पदात आला. विस्ताराच्या ओघात शब्द मागे पडले तरी कोणास तक्रार करावीशी वाटली नाही. पद वाचण्यासाठी लिहिलेलेच नव्हते.

भावगीताने हा क्रम फिरविला. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गजानन वाटव्यांच्या पिढीच्याही आधी, १९३० नंतरच्या काही वर्षांतच, जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली, तेव्हा कविता आधी आणि चाल नंतर हा संकेत रूढ होऊ लागला. परंतु चाल गायकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग पूर्वीचाच राहिला. संगीतकार चाल 'सांगतो' आणि गायक ती 'उचलतो'. सारेगमचे टिपण असले तरी ते आठवणीसाठी. खरी संहिता संगीतकाराच्या गळ्यात असते.

या पद्धतीचे विलक्षण उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. ग. दि. माडगूळकर यांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या संगीतात पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत, एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंत, आठवड्याला एक या गतीने प्रसारित झाली. गायकांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे रागसंगीताची पक्की तालीम घेतलेले कलावंत होते. गीत नवे, चाल नवी, अवधी थोडा आणि पात्र निश्चित, अशा अटींवर त्यांना शिकावे लागले. पुढे फडके यांनी स्वतःच जाहीर कार्यक्रमांतून ही गीते गायिली तेव्हा अनेक पात्रांचे आवाज एका गळ्यात आले आणि 'एर्लक्योनिग'चा प्रश्न मराठीत वेगळ्या वाटेने अवतरला : सीतेचे गीत पुरुषकंठातून येते तेव्हा बोलते कोण? सीता, कथा सांगणारे कुश-लव, की कवी? श्रोत्यांनी हा प्रश्न अडचण म्हणून अनुभवला नाही, याचे कारण कीर्तनाची परंपरा. कीर्तनकार क्षणात पात्र होतो आणि क्षणात निवेदक. आपल्या श्रोत्याला त्याची सवय आहे.

गळ्यावरून शिकण्यात एक खोल अडचण आहे. संगीतकाराने चाल म्हणून दाखविली की तिच्यासोबत त्याचा श्वास, त्याचे वजन, त्याच्या उच्चारांच्या लकबी आणि त्याने केलेला कवितेचा अन्वय हे सर्व एकत्रच शिकणाऱ्याच्या कानी पडते. यांपैकी चाल किती आणि लकब किती, हे कोणीही वेगळे करून सांगत नाही. कागदावरून शिकणारा गायक संहितेत भर घालतो. गळ्यावरून शिकणाऱ्याला वजाबाकी करावी लागते. आणि ख्यालाची तालीम नेमकी या वजाबाकीच्या विरुद्ध दिशेने झालेली असते. घराण्यात गुरूची लकब ही गौण बाब नसते, तिच्यातच गायकी असते. शिष्याने ती प्रथम संपूर्ण उचलावी अशीच अपेक्षा असते. हाच शिष्य भावगीत शिकू लागला की दोन प्रवृत्ती त्याला ओढतात. एक, समोरच्या गळ्याची हुबेहूब नक्कल करण्याची. दुसरी, मोकळी जागा दिसताच तेथे स्वतःच्या गळ्याची हरकत भरण्याची. पहिलीत संगीतकाराचे वाचन गायकाचे म्हणून सादर होते, दुसरीत वाचनच थांबते. फोगलचा दोष दुसऱ्या जातीचा होता. आपल्याकडे दोन्ही आढळतात.

या ओढीतून वाट काढता येते, याची उदाहरणेही आहेत. किशोरी आमोणकर यांनी शांता शेळके यांच्या रचना हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींत गायिल्या तेव्हा ख्यालात एकेका स्वराचा सावकाश शोध घेणारा आवाज काही मिनिटांच्या बांधीव आकृतीत उभा राहिला. तेथे तालीम लोप पावलेली नाही. ती शब्दाच्या अंतर्भागात शिरली आहे. स्वराला लागण्याची सूक्ष्मता विस्ताराऐवजी अक्षराच्या उच्चारणात खर्च झाली आहे.

५

या निरीक्षणांचा सैद्धांतिक अर्थ काय? सुझान लँगर यांनी 'फीलिंग अँड फॉर्म' (१९५३) या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की गीतात शब्द व संगीत समान दर्जाने नांदत नाहीत. संगीत शब्दांना पचवून स्वतःत विलीन करते आणि सिद्ध होते ती संगीतकृतीच. तयार गाण्याविषयी हे काही अंशी खरे असेल. शिकण्याच्या अवस्थेत मात्र उलट घडताना दिसते. स्वर पाठ झाल्यावरही गायक अडतो तो शब्दापाशी आणि ती अडचण भाषेच्या नियमांनीच सुटते. मराठी गद्यात 'मन' या शब्दाचा अन्त्य अकार जवळजवळ उच्चारला जात नाही; गायनात तो लांबवावा लागतो, आणि किंचित अधिक लांबला की 'मना' ऐकू येते. प्रथमेचे संबोधन होते, कवितेतील वक्त्याचे स्वतःशी असलेले नाते बदलते. 'चांदणे' आणि 'चंद्र' यांतील दोन चकार वेगळे आहेत. हिंदी बंदिशीवर पोसलेला गळा ते सहज एक करून टाकतो. पचलेली वस्तू असा हट्ट धरीत नाही.

रोलां बार्थ यांनी आवाजाच्या पोताविषयीच्या १९७२ मधील निबंधात संकेतांनी बांधलेली भावाभिव्यक्ती आणि भाषेच्या देहातून उमटणारा नाद यांत भेद केला. फिशर-डिस्काऊ यांच्या निर्दोष, भावपूर्ण गायनापेक्षा शार्ल पांझेरा यांच्या उच्चारणाला त्यांनी अधिक मोल दिले. बार्थ यांनी स्वतः पांझेरांकडे गायनाचे धडे घेतले होते, हे ध्यानात घेतले की या पसंतीचे रहस्य कळते. त्यांचा निबंध श्रोत्याच्या सुखाची भाषा बोलतो; परंतु त्यातील वर्ण-स्वरांविषयीची जाण ही शिकणाऱ्याची आहे. बार्थ यांचा पोत हा देहाचा निसर्गदत्त विशेष नव्हे, असे मला म्हणावयाचे आहे. एकेका वर्णाविषयी घेतलेल्या निर्णयांचा तो साठा आहे, आणि ते निर्णय वाचनाचेच आहेत.

म्हणून कलागीतात दोन नव्हे तर तीन संहिता मानाव्या लागतात : काव्यसंहिता, स्वरसंहिता आणि शिकण्यातून घडलेली आविष्कारसंहिता. पहिल्या दोन कोठेतरी नोंदलेल्या किंवा निदान सांगितलेल्या असतात. तिसरीची नोंद नसते. परिणामी तिच्यातून निष्पन्न झालेला अर्थ आपण कधी चालीच्या, कधी 'आवाजातील दर्दा'च्या, तर कधी कवीच्याच खात्यावर जमा करतो.

ही चुकीची जमाखाते-पद्धती निरुपद्रवी नाही. ध्वनिमुद्रण सार्वत्रिक झाल्यापासून तिचे परिणाम काव्यवाचनावर होत आहेत. नवा गायक आज गीत शिकतो ते बहुधा मूळ गायकाच्या ध्वनिमुद्रणावरून. ध्वनिमुद्रण हे कागदासारखे स्थिर आणि गळ्यासारखे भरलेले असते. भर घालण्यास ते जागा ठेवीत नाही आणि वजाबाकीची निकडही भासू देत नाही. पहिल्या गायकाने जेथे श्वास घेतला तेथेच दुसरा घेतो, स्पर्धेतील परीक्षक तेथेच माना डोलावतात, आणि एका तालमीत घेतलेला एक निर्णय कवितेचा कायमचा अर्थ होऊन बसतो. वर्गात एखादी लोकप्रिय झालेली कविता शिकविताना याचा प्रत्यय नेहमी येतो. विद्यार्थी ती वाचू लागतो, दोन शब्दांनंतर त्याचा आवाज चालीच्या वळणावर जातो आणि ओळ जेथे तुटावयास नको तेथे तुटते. अर्थ विचारला तर तो गायकाच्या श्वासाचा अर्थ सांगतो.

यावरून कविता गाऊ नये असा निष्कर्ष काढणे म्हणजे लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या दुसऱ्या उत्तराकडे परतणे होईल. प्रत्येक वाचन काही निवडते आणि काही सोडते. गायकाचे वाचनही तेच करते, फक्त त्याची निवड ऐकू येते. समीक्षकाचे वाचन मात्र आपल्या निवडी टिपांत व युक्तिवादांत उघड करते. गायकाच्या निवडी उघड करून दाखविण्याचे काम त्याच्या वतीने कोणीतरी केले पाहिजे. त्यासाठी फार मोठ्या सिद्धांताची आवश्यकता नाही. कविता हातात घ्यावी, तिचा छंद आणि वाक्यरचना यांनी सुचविलेले विराम खुणा करून ठेवावेत. मग गीत ऐकावे आणि गायकाचे श्वास दुसऱ्या खुणेने नोंदवावेत. शक्य असल्यास त्याच गीताचे दुसऱ्या गायकाने केलेले गायन तिसऱ्या खुणेने नोंदवावे. जेथे खुणा जुळत नाहीत तेथे अर्थ निर्माण झालेला असतो, किंवा हरवलेला असतो. मराठी कवितेचा विद्यार्थी एवढे करू लागला तर भावगीताला उपेक्षेने किंवा स्मरणरंजनाने पाहण्याची सवय आपोआप सुटेल, आणि ज्या कविता चालीत गोठल्या आहेत असे आपण समजतो, त्या पुन्हा वाचता येऊ लागतील.